घरातील ऊब आणि नळ्यांतील पाणी

इंग्लंडमधील बहुसंख्य घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बहुधा एखाद्या कपाटाच्या आड, पांढऱ्या पत्र्याची एक पेटी टांगलेली असते, आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत त्या कुटुंबाचे सारे स्वास्थ्य तिच्यावर अवलंबून असते. हा घरगुती बॉयलर. त्यात नैसर्गिक वायूच्या ज्योतीवर पाणी तापते, पंपाच्या जोराने ते तांब्याच्या नळ्यांतून खोलीखोलीतील पोलादी रेडिएटरांत जाते, आपली उष्णता तेथे देऊन निवते आणि पुन्हा ज्योतीकडे परतते. येथे पाण्याची वाफ होत नाही, आणि मुख्य म्हणजे ते बदलतही नाही. एकदा भरलेले पाणी वर्षानुवर्षे त्याच वाटेने फिरत राहते. नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेली आणि आता स्वतःच्या मालकीची घरे करून राहिलेली जी मराठी कुटुंबे आहेत, त्यांना पेटीची ओळख घराच्या किल्ल्यांबरोबरच होते. त्या पाण्याची ओळख मात्र बहुधा घर गार पडल्यावरच होते.

वस्तुतः बॉयलर ही चीज महाराष्ट्राला अपरिचित नाही. साखर कारखान्यांत गळीत हंगामापूर्वी बॉयलरचे अग्निप्रदीपन समारंभपूर्वक होते. त्याआधी त्याच्या नळ्या साफ होतात, सरकारी निरीक्षक तपासणी करून दाखला देतो, आणि बॉयलरला द्यावयाच्या पाण्याची परीक्षा तर हंगामभर चालू असते, कारण अशुद्ध पाण्याने नळीत क्षाराचा थर बसतो आणि थर बसलेली नळी तापून फुटते, हे तेथील जुन्या कामगारालाही सांगावे लागत नाही. घरगुती पेटीतील दाब अगदीच अल्प, त्यामुळे तसले भय तेथे नाही. परंतु भय नाही म्हणून दक्षताही नाही, असा जो प्रकार घरोघर झाला आहे, तोच मला चिंतेचा वाटतो.

ज्योतीचा बंदोबस्त कायद्याने केला आहे. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांन्वये भाड्याच्या घरातील मालकाची गॅसची उपकरणे दर बारा महिन्यांनी तपासून घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तपासणारा इसम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेला असावा लागतो, आणि दाखल्याची प्रत भाडेकरूस २८ दिवसांच्या आत द्यावी लागते. या कडकपणाचे कारण उघड आहे. वायूचे ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडतो. डोके दुखणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे थंडीतापाची समजून माणसे अंथरुणावर पडून राहतात, तीही त्याच खोलीत. तथापि स्वतःच्या घरात राहणाऱ्या गृहस्थामागे असा तगादा लावणारे कोणी नाही. शिवाय सुरक्षेची तपासणी निराळी आणि वार्षिक सर्व्हिसिंग निराळे, हेही ध्यानात ठेवावे: पहिलीत उपकरण धोकादायक नाही एवढे सिद्ध होते, तर दुसऱ्यात तंत्रज्ञ निर्मात्याच्या पुस्तिकेबरहुकूम ज्वलनवायूंचे मापन करतो, सांध्यांची रबरी वेष्टने पाहतो, आम्लधर्मी पाणी साचणारा सापळा धुतो आणि तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या प्रसरणपात्रातील हवेचा दाब पाहतो. बहुतेक निर्मात्यांची हमीही या वार्षिक सर्व्हिसिंगच्या अटीवरच टिकते.

इतके झाल्यावरही पाणी राहतेच. ताज्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू प्रथम पोलादाला गंज चढवून संपतो. पुढे त्या प्राणवायूहीन, गरम पाण्याची लोखंडाशी मंद प्रक्रिया चालू राहून मॅग्नेटाइट नावाचे काळे, बारीक भस्म तयार होते आणि हायड्रोजन सुटतो. एकाच पाण्यात पोलाद, तांबे, पितळ आणि काही बॉयलरांत ॲल्युमिनियमही नांदत असल्यामुळे झीज अधिकच वेगाने होते. या रोगाची चिन्हे हाताला कळतात: रेडिएटर वरच्या अंगाला गार लागला तर आत वायू साठला आहे, आणि खाली मध्यभागी गार लागला तर गाळ बसला आहे. हा गाळ धरण्यासाठी नळ्यांच्या वाटेत बसवलेली चुंबकीय गाळणी उघडताना एकदा पाहावे. तंत्रज्ञ दोन्ही बाजूंच्या तोट्या बंद करतो, झाकण फिरवतो आणि चुंबकाची कांडी वर काढतो, तेव्हा तिच्यावर काजळासारखा मऊ, तुळतुळीत लेप चढलेला असतो आणि बोटाला लागला तर साबणानेही लवकर जात नाही. तो लेप म्हणजे आपल्याच रेडिएटरांचे झिजलेले पोलाद होय.

या गाळाचे पर्यवसान केवळ एखादी खोली गार राहण्यात होत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ पासून बसविले गेलेले बॉयलर बहुतांशी संघनन पद्धतीचे आहेत; धुरातील बाष्पाचे पाणी करून त्यातील सुप्त उष्णताही ते वसूल करतात. परंतु ही वसुली परतीचे पाणी सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तरच होते. गाळाने भरलेला रेडिएटर उष्णता खोलीला पुरेशी देत नाही, पाणी गरमच परत येते. घर गार म्हणून गृहिणी तापमान आणखी वाढवते, आणि ज्या गुणासाठी यंत्र घेतले तोच गुण नाहीसा होऊन बिल मात्र वाढते.

सर्वांत घातक सवय दाब भरण्याची. पेटीवरील काटा थंड स्थितीत सामान्यतः १ ते १.५ बारच्या दरम्यान असावा. तो खाली आला की खालची तोटी उघडून नळाचे पाणी आत सोडावयाचे, हे घरातील शाळकरी मुलालाही येते, आणि सोपे आहे म्हणूनच ते महिन्या-पंधरवड्याने होत राहते. बंद मंडलातील पाणी आपोआप कमी होत नाही. ते कोठेतरी गळत असते, अथवा प्रसरणपात्र निकामी होऊन सुरक्षा झडपेतून बाहेर जात असते. दर वेळी आत जाणारे ताजे पाणी नवा प्राणवायू आणते, पाण्यात घातलेले गंजरोधक औषध पातळ करते, आणि लंडनसारख्या कठीण पाण्याच्या प्रदेशात चुनाही आणते. तेथील किटलीच्या तळाशी जमणारा पांढरा थर ज्याने पाहिला आहे, त्याला या चुन्याविषयी अधिक पुरावा नको.

२०१९ साली सुधारलेल्या बीएस ७५९३ या ब्रिटिश मानकाने याविषयी स्पष्ट तजवीज सांगितली आहे: मंडल प्रथम धुऊन घ्यावे, इनहिबिटर म्हणजे गंजरोधक द्रव घालावा, त्याची मात्रा दर वर्षी तपासावी, पाच वर्षांनी तो नव्याने घालावा अथवा पाण्याची संपूर्ण परीक्षा करवून घ्यावी, आणि वाटेत एक गाळणी कायमची बसवावी. यात खर्चाचे असे फार थोडे आहे. तथापि जुन्या घरात, जेथे रेडिएटरांचे पत्रे आतून विरले आहेत, तेथे एकदम जोराच्या प्रवाहाने धुण्याचा आग्रह धरू नये. गाळानेच बुजलेली सूक्ष्म छिद्रे त्यामुळे उघडी पडतात. तेथे गाळ सोडवणारा द्रव घालून काही आठवडे पाणी फिरू द्यावे आणि मग निचरा करावा, हा सौम्य मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

सर्व्हिसिंगसाठी उन्हाळ्याची अखेर उत्तम. पहिल्या थंडीच्या आठवड्यात तंत्रज्ञाची वेळ मिळत नाही, आणि इकडून आईवडील मुलांकडे जातात तेही बहुधा मे ते ऑगस्टच्या दरम्यान, त्यामुळे दिवसा दार उघडावयास घरात कोणीतरी असते. तंत्रज्ञ आला की त्याचे गॅस सेफचे ओळखपत्र प्रथम मागून पाहावे, मागच्या बाजूस त्याला कोणत्या उपकरणांची परवानगी आहे ते लिहिलेले असते. आणि काम आटोपल्यावर ज्वलनाच्या आकड्यांखालीच पाण्याच्या परीक्षेचा निकाल व घातलेल्या द्रवाचे नाव तारखेसह लिहून घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्यास कोठून आरंभ करावयाचा ते कळेल.