घरच्या पिठाची डबलरोटी

आपल्या घरांत पावाला अजूनही ‘डबलरोटी’च म्हणतात. मराठीतला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला, ‘खमीर’ अरबीतून. उर्दूच्या तासाला हा शब्द आला की एखादी चौकस मुलगी हमखास विचारते, खमीर आणि खम्र, म्हणजे दारू, यांचे मूळ एकच, मग डबलरोटी चालते कशी? आम्ही सांगतो, खमीर पिठातली साखर खाऊन वायू सोडते, त्याने पीठ फुगते. सोबत थोडा मद्यार्कही तयार होतो, पण भाजताना तो बहुतेक उडून जातो. नशेचा प्रश्नच येत नाही. खमिरी रोटी तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दस्तरखानावर आहे.

काळजी करायचीच तर ती पाकिटावरच्या बारीक अक्षरांची करावी. २०१६ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने पाव, बन, पिझ्झा अशा ३८ नमुन्यांची तपासणी केली. त्यांतल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश सापडले. ब्रोमेटमुळे कर्करोग होण्याची शक्यता असल्याचे जागतिक पातळीवर आधीच नोंदले गेले होते. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने ब्रोमेटवर बंदी घातली. बंदी आली हे चांगलेच झाले, पण कागदात गुंडाळून मिळणाऱ्या सुट्या पावात काय घातले आहे, हे कोण सांगणार? दुसरी गोष्ट ‘४७१’ या क्रमांकाची. पाव मऊ ठेवणारा हा पदार्थ वनस्पती तेलापासून बनतो, तसाच प्राण्यांच्या चरबीपासूनही बनू शकतो. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. आपल्या देशात पाकिटावर हिरवी खूण असते, तेवढा आधार आहे. परदेशी असलेल्या भावा-बहिणींकडून आलेल्या खाऊवर तोही नसतो.

आमच्या चिखलदऱ्याला पाव घाट चढून येतो. पावसाळ्यात धुके आणि दरडींमुळे रस्ता अडला की कालचा पाव आज आणि आजचा परवा. म्हणून घरीच पाव करणाऱ्या यंत्राकडे आमचे लक्ष गेले. हे यंत्र जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणले. त्याची गोष्ट मोठी छान आहे. सुरुवातीच्या नमुन्यांत पाव नीट होईना, तेव्हा कंपनीच्या इकुको तनाका या बाई ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य पाववाल्याकडे मळणे शिकल्या. तो पीठ ताणता ताणता पिळतो, हे त्यांनी हेरले आणि अभियंत्यांनी यंत्राच्या भांड्यात तशी सोय केली. हाताचे काम यंत्राला शिकवायला आधी हातच लागतो, हे आम्हाला फार आवडले.

भांड्यात आधी २०० मिलि पाणी, एक मोठा चमचा तेल, एक लहान चमचा मीठ आणि दोन लहान चमचे साखर घालावी. त्यावर दीडशे ग्रॅम मैदा, दीडशे ग्रॅम कणीक. कोरडे खमीर अगदी वर, पिठात खळगा करून ठेवावे. पाण्याला किंवा मिठाला ते आधीच लागू देऊ नये. मळणे, फुगवणे, भाजणे यंत्र एकटेच करते, तीन-चार तास लागतात. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत खमीर एक लहान चमचा सांगितले असेल, तर इथे पाऊणच घ्यावे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, त्यामुळे पीठ लवकर फुगते आणि भाजताना मधोमध खचते. पावसाळ्यात पीठ स्वतःच ओल धरते, तेव्हा पाणी दोन चमचे कमी करावे. पहिल्या दहा मिनिटांत झाकण उघडून बोटाने गोळा चाचपला तरी चालतो. कानाच्या पाळीइतका मऊ हवा.

गहू कोणता, याला फार महत्त्व आहे. बन्सी गहू रवा-शेवयांना उत्तम, पण त्याचे पीठ हवे तसे ताणले जात नाही, पाव बसका होतो. पोळीचा नेहमीचा गहू घ्यावा. नुसत्या कणकेचा पाव जड होतो, मुले तोंड वाकडे करतात. आधी निम्मा मैदा घेऊन हळूहळू कमी करावा.

रमजानमध्ये यंत्राची वेळ लावायची सोय कामाला येते. रात्री सामान भरून निजावे, सहरीला पाव तयार. मात्र रात्रभर भांड्यात राहणाऱ्या सामानात ताजे दूध किंवा अंडी घालू नयेत, दुधाची भुकटी घालावी. सहरीच्या निदान पाऊण तास आधी भाजणे संपेल अशी वेळ लावावी, गरम पाव कापला की चिकट होतो. आणि वीज! बरीच यंत्रे काही मिनिटांचा खंड सांभाळतात, जास्त वेळ गेली तर काम अर्धवट राहते. मग ते पीठ काढून घ्यावे आणि तव्यावर जाड रोट्या भाजाव्यात, त्या मुळीच वाईट लागत नाहीत.

यंत्राला काही हजार रुपये लागतात. आठवड्यातून एकदा पाव लागणाऱ्या घराने ते घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेवढा पाव परातीत पीठ मळून झाकणाच्या जड पातेल्यातही होतो. रोजच्या डब्याला पाव लागतो, घरात सांधे दुखणारी अम्मी आहे, मळायला दुसरे कोणी नाही, तिथे मात्र ते उपयोगी आहे. घेतलेच तर कापण्याआधी पावाच्या बुडात अडकलेले मळायचे पाते तेवढे काढून घ्यावे. घरचा पाव दोन दिवसांत वाळतो. तिसऱ्या दिवशी त्याचे शाही तुकडे करावेत, वाळका पाव साखरेचा पाक छान पितो.