नागसेनवनातून विद्यापीठाच्या दारापर्यंत

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यातली विद्यार्थी फळी समजून घ्यायची, तर सुरुवात औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) नागसेनवनातून करावी लागते. 1950 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. खेड्यापाड्यांतून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुले इथल्या वसतिगृहांत एकत्र राहिली, वाचू लागली, लिहू लागली. या सहवासाचे मोल फार मोठे आहे. ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे इथेच शिकवत.

मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले 1958 मध्ये. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. पोचिराम कांबळे त्यांपैकी एक. विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते, हेही नोंदवायलाच हवे: विरोधातले बंद आणि मोर्चे विद्यार्थ्यांच्याच कृती समित्यांनी चालवले. समर्थनात दलित विद्यार्थ्यांसोबत दलित पँथर होती, युवक क्रांती दलाचे (युक्रांद) कार्यकर्तेही होते. 1979 मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला.

ठराव प्रत्यक्षात यायला साडेपंधरा वर्षे गेली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला, तोही जुन्या नावातला ‘मराठवाडा’ कायम ठेवून. दरवर्षी या तारखेला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मोठी गर्दी लोटते.