नुसते ‘प्लीज’ जोडून भागत नाही

ब्रिटनने ८ जानेवारी २०२६ पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी इंग्रजीची पातळी बी-वनवरून बी-टूवर नेली. त्यातले गुणांचे गणित आता सर्वांना पाठ आहे. माझी काळजी पुढची आहे. परीक्षा पास होऊन तिकडे पोचलेला आपला माणूस साहेबाकडे रजा कशी मागणार?

‘आय वॉन्ट लीव्ह ऑन फ्रायडे, प्लीज’ यात व्याकरणाची चूक नाही, पण इंग्रज कानाला तो हुकूम वाटतो. शेजारचा सहकारी तेच ‘आय वॉज वंडरिंग इफ आय कुड टेक फ्रायडे ऑफ’ असे मागतो. रचनेने हा प्रश्नच नाही, ते विधान आहे. गरज येत्या शुक्रवारची, पण क्रियापद भूतकाळात, तेही अपूर्ण. वर ‘इफ’ आणि ‘कुड’. दर शब्दाला मागणारा थोडा मागे सरकतो आणि साहेबाला न अवघडता नाही म्हणता येते. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्या सौजन्यविषयक सिद्धान्तात याला मोठे स्थान आहे: समोरच्याच्या मोकळिकीवर आपली मागणी लादायची नाही. मराठीत हे काम ‘जरा’, ‘द्याल का’ आणि अहो-जाहो करतात. इंग्रजीत साहेबालाही ‘यू’ आणि शिपायालाही ‘यू’. अंतर राखायचे ते काळ बदलून आणि आडवळणाने.

आणि सुराने. इथे भाषाभ्यासक जॉन गम्पर्झ यांच्याबद्दल सांगितलेच पाहिजे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी नांदताना त्यांची वाक्यरचना एकमेकींसारखी कशी होत गेली, यावरचा त्यांचा आणि रॉबर्ट विल्सन यांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरचे कर्मचाऱ्यांचे कॅन्टीन अभ्यासले. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका तुसड्या आहेत, अशी तक्रार होती. खरे तर त्यांना बोलावे लागे फार थोडे. कुणी मांसाचा पदार्थ घेतला की ग्रेव्ही हवी का, एवढे विचारायचे. इंग्रज बाई ‘ग्रेव्ही’ म्हणताना सूर वर नेई, आपल्या बायका खाली आणत. घेणाऱ्याला वाटे, ही विचारत नाही, नुसती सांगते आहे. बायकांना वाटे, आपल्याशी भेदभाव होतो आहे. ध्वनिमुद्रण ऐकवून चर्चा झाली तेव्हा कळले की त्यांच्या परीने त्या विचारतच होत्या. १९७९ मध्ये बीबीसीच्या ‘क्रॉसटॉक’ या कार्यक्रमाने अशा गैरसमजांचा विषय पडद्यावर आणला.

म्हणजे तिथे भेदभाव नव्हताच, असे कुणी समजू नये. मला यातला मोलाचा भाग वाटतो तो हा, की ऐकणाऱ्या साहेबांनाही काही शिकावे लागले. आज सगळे ओझे येणाऱ्याच्या डोक्यावर टाकले जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

तरीही नोकरी आपल्या माणसाची आहे. म्हणून क्लास चालवणाऱ्यांना विनंती: निबंधातला थोडा वेळ काढून रजा मागणे, मदत मागणे, नकार देणे यांचा मोठ्याने बोलून सराव घ्या. ‘आय वंडर’नंतर ‘व्हेअर इज द ऑफिस’ नव्हे, ‘व्हेअर द ऑफिस इज’ असा क्रम येतो, हे घोटून घ्या. आणि एक नक्की सांगा: जिथे कुणाच्या जिवाला धोका असेल, तिथे ही आडवळणे सोडून सरळ बोला.