रंगीत चाकू आणि त्याची उघडी धार

घडीच्या चाकूवर रंग दोन जागी चढतो, पात्यावर आणि मुठीवर. दुकानाच्या काचेआड दोन्ही सारखेच लोभस दिसतात. नागपुरात सीताबर्डीचा फुटपाथ असो की इतवारीतले हार्डवेअरचे दुकान, गिऱ्हाइकाचा हात आधी जातो तो सोनेरी किंवा इंद्रधनुषी पात्याकडे. चाकू रोज खोके फोडायला, सुतळी कापायला, लिंबू चिरायला लागला की मात्र दोन्ही रंगांच्या वाटा वेगळ्या होतात. पात्यावरचा रंग कामाने जातो. मुठीवरचा गेलाच तर उन्हाने किंवा चुकीच्या धुण्याने जातो, आणि तोवर उपयोगी पडतो.

सोनेरी पात्यावर सोन्याचा मुलामा नसतो. तो टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो. हवा काढून टाकलेल्या पेटीत टायटॅनियमची वाफ करतात, आत नायट्रोजन सोडतात आणि दोहोंचे संयुग पोलादावर बसू देतात. थराची जाडी साधारण १ ते ५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपुढे नगण्य. ड्रिलच्या सोनेरी बिटांवर हाच थर असतो आणि तिथे तो शोभेसाठी नसतो, कारण चाकूच्या पोलादापेक्षा तो तिप्पट-चौपट कठीण भरतो. इंद्रधनुषी पात्यावर तर रंगद्रव्यच नसते. अतिशय पातळ पारदर्शक थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, आणि जाडी जशी बदलेल तसा जांभळा, निळा, हिरवा रंग उमटतो. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोल सांडले की दिसतात तेच हे रंग. म्हणून अशा पात्याला बोटांचे तेल लागले की रंग मळकट दिसतो आणि पुसला की परत येतो. रंग उडाला असे समजून पाते घासायला घेणारे चांगला थर उगाच खरवडून टाकतात.

या पेटीतले तापमान वापरलेल्या पद्धतीनुसार २०० अंश सेल्सिअसपासून ४५० अंशांपर्यंत जाऊ शकते. पोलादाला पाणी देताना ते ज्या तापमानावर स्थिरावलेले असते, त्याच्या वर पेटी गेली तर पाते मऊ पडते. नामांकित कारखाने हे सांभाळतात. फुटपाथवरच्या चाकूबद्दल तशी खात्री कोणी देत नाही.

स्वस्त रंगीत पात्यांवर बहुधा भाजलेला रंग असतो. विद्युतभार दिलेली रंगाची भुकटी धातूवर फवारायची आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवून पक्की करायची, हे पावडर कोटिंग. नागपूरकरांना ते कूलरच्या पत्र्यामुळे आणि खिडकीच्या ग्रिलमुळे ओळखीचे आहे. थर ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो. कूलरला ही जाडी हवीच असते, पात्याला ती नडते. दोन्ही बाजू धरून पाते एक दशांश मिलिमीटरहून अधिक जाड होते, आणि धारेच्या लगेच मागे मूळ पातेच जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. जाड पुठ्ठ्यात असे पाते अडखळत जाते. त्यात पुठ्ठा कागदाचा असला तरी निरुपद्रवी नाही. त्यातले बारीक खनिज कण रंगावर रेघोट्या ओढतात. पार्सलच्या चिकटपट्टीचा गोंद खरखरीत रंगावर अधिक चिकटतो, आणि तो काढायला कोणी नेलपॉलिश रिमूव्हर वापरला तर गोंदाबरोबर रंगही सुटू शकतो. अशा वेळी खोबरेल तेलाचा थेंब आणि जुने फडके पुरते.

थर कोणताही असो, धारेवर तो सहसा नसतोच. रंग चढवून झाल्यावर शेवटी धार काढतात, त्यामुळे कापते ते उघडे पोलाद. रंगामुळे चाकू तीक्ष्ण होतो हा समज म्हणूनच पोकळ आहे. गंजाचेही तसेच. थर पात्याच्या पाठीला आणि गालांना गंजापासून वाचवतो, नेमकी धार सोडून. या किमतीतल्या चाकूंचे पोलाद बहुधा १२ ते १४ टक्के क्रोमियमचे असते, म्हणजे ते लगेच गंजत नाही. पण लिंबू किंवा कैरी चिरून चाकू तसाच मिटून ठेवला की सकाळी धारेच्या कडेने करडे डाग दिसतात, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बिजागरीच्या खिळ्याशी तांबूस कड धरते. तिथे कोणताही रंग पोहोचलेला नसतो. संत्र्याचा रस मात्र नागपुरात चाकूला क्वचितच लागतो. नागपुरी संत्र्याची साल इतकी सैल असते की ते सोलायला अंगठ्याचे नख पुरते.

खाण्याच्या पदार्थांसाठी रंगीत पाते घ्यावे का, हा प्रश्न थरावर अवलंबून आहे. टायटॅनियम नायट्राइड शरीरात बसवायच्या रोपणांवरही वापरतात, त्याची धास्ती नको. भाजलेल्या रंगाचे पोपडे उडतात, आणि तो रंग अन्नाला चालणारा आहे असे वेष्टनावर लिहिलेले नसेल तर असे पाते सुतळीपुरतेच ठेवावे.

मुठीवरचा रंग हे वेगळे प्रकरण आहे. ॲल्युमिनियमची मूठ गंधकाम्लाच्या द्रावणात विजेच्या प्रवाहाखाली धरली की तिच्या पृष्ठभागाचेच कठीण, सच्छिद्र ऑक्साइड होते. त्या छिद्रांत रंग मुरवतात आणि उकळत्या पाण्याने छिद्रांची तोंडे बंद करतात. हा रंग वरून लावलेला नसतो, धातूत मुरलेला असतो, म्हणून खिशातल्या किल्ल्या आणि नाणी त्याचे फारसे काही बिघडवू शकत नाहीत. त्याचा शत्रू अल्कली. ऑक्साइडचा हा थर तीव्र आम्लात आणि तीव्र अल्कलीत विरघळतो, त्यामुळे धुण्याचा सोडा त्याला चालत नाही आणि चुनाही नाही. नागपुरात हे विशेष सांगायला हवे. पानठेल्यावर किंवा खर्रा घोटणाऱ्याच्या हातात असलेल्या निळ्या-लाल मुठीवर ओल्या चुन्याचे बोट लागून वाळले की तिथे पांढुरका, कधी न जाणारा डाग पडतो.

मेमधल्या उन्हाचा हिशोब वेगळा. पारा ४५ अंशांवर असताना स्कूटीच्या डिकीत राहिलेली ॲल्युमिनियमची मूठ हाताला चटका देते, पण तिचा आकार बिघडत नाही. वाईट अवस्था होते ती रबरासारखा मऊ लेप दिलेल्या मुठींची. हा लेप बहुधा पॉलीयुरेथेनचा असतो, उष्णतेने आणि दमटपणाने त्याची घडण मोडते आणि दोन-चार उन्हाळे-पावसाळे गेले की मूठ चिकट होते. एकदा चिकट झालेला लेप पुसून पूर्ववत होत नाही.

नागपूर परिसरात घडीचा चाकू खरोखर दिवसभर चालतो तो संत्र्याच्या रोपवाटिकांत. काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यात जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंटाच्या सालीला जमिनीपासून वीतभर वर इंग्रजी टीच्या आकाराचा काप द्यायचा, मुठीच्या टोकाच्या चपट्या पट्टीने साल हलकेच उचलायची, निवडलेल्या झाडाच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा एका ओढीत काढायचा, तो सालीखाली सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचा. यातली ओढ एकच असावी लागते. पाते अडखळले तर डोळ्याची आतली बाजू खरवडते आणि डोळा लागत नाही. या कामाच्या पात्यावर रंग कोणी मागत नाही. त्यामागे रोगाचेही कारण आहे. लिंबूवर्गीय झाडांचा एक्झोकॉर्टिस नावाचा रोग विषाणूहूनही साध्या कणामुळे होतो आणि तो चाकूच्या धारेवरून एका झाडातून दुसऱ्यात जातो. स्पिरिटने किंवा आचेवर धरून त्याचा भरवशाने नायनाट होत नाही, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात पाते बुडवावे लागते. हे द्रावण पोलाद खाते आणि मुठीचा रंगही उतरवते, म्हणून मूठ बाहेर ठेवून पातेच बुडवायचे, पाण्याने धुऊन कोरडे करायचे. नवीन, चकचकीत थर असलेल्या पात्यावर हे रोज केले तर थराच्या बारीक भेगांतून द्रावण शिरते आणि त्याखाली गंज सुरू होतो. उघड्या पात्यावरचा डाग निदान दिसतो तरी. मूठ मात्र इथे भडक रंगाचीच बरी. वाफ्यातल्या तणात पडलेला नारिंगी किंवा लाल चाकू चटकन सापडतो, काळ्या किंवा मातकट हिरव्या मुठीचा शोधत बसावा लागतो. काळ्या मातीत काळा चाकू घेऊन उतरण्याची हौस शहरातल्या दुकानदारांनी लावली आहे.

धार गेली की पात्याचा रंग टिकण्याची आशा सोडावी. सायकलच्या चाकावर सहाण फिरवणारा धारवाला दारात आला तर तो विळी, सुरी आणि रंगीत चाकू एकाच कोनात पाजवतो. पहिल्याच वेळी धारेलगत रुपेरी पट्टी उमटते आणि पुढच्या प्रत्येक वेळी ती रुंदावत जाते. भाजलेल्या रंगाचे पाते असेल तर सहाणेच्या उष्णतेने कडेचा रंग फुगतो. घरी पाण्याच्या दगडावर, पाठ किंचित उचलून, हलक्या हाताने धार लावली तर पट्टी अरुंद राहते. थर जपण्यासाठी पाते अधिक उभे धरले तर धार बोथट येते, तेव्हा दोहोंत धार निवडावी.

कायद्याला रंगाशी घेणे नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा चाकू बाळगण्यावरही बंदी घालता येते, आणि सणवार किंवा मोर्च्याच्या दिवसांत असे आदेश निघतात. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने तर शस्त्राच्या व्याख्येतच चाकूचा समावेश केला आहे आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात शिरायला बंदी आहे. तेव्हा नागपूरहून पेंचला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला निघताना चाकू, मग तो कोणत्याही रंगाचा असो, घरी ठेवून जावे.