लहान रेग्युलेटर निवडताना उष्णतेचा हिशेब करा

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, १९६०च्या दशकात ठाण्यात उभी राहिली. पुढे डोंबिवलीतही एमआयडीसी आली. या कारखान्यांच्या आधाराने लहान-सहान जोडकामे करणारे कारागीरही तयार झाले. टाकी भरताच पंप बंद करणारा कंट्रोलर, यंत्रमागाचा काउंटर, दुकानाचा अलार्म असा माल आज एका खोलीतही तयार होऊ शकतो. मायक्रोकंट्रोलर स्वस्त झाल्यामुळे हे शक्य झाले आहे. परंतु असा माल परत येतो तेव्हा दोष पुष्कळदा मायक्रोकंट्रोलरचा नसतो. त्याला वीज पुरविणाऱ्या छोट्या व्होल्टेज रेग्युलेटरचा असतो.

एक उदाहरण घेऊ. टाकीच्या कंट्रोलरमध्ये १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे. डायोड व कपॅसिटर यांच्यानंतर सुमारे १५ व्होल्ट मिळतात. मायक्रोकंट्रोलर आणि तीन दिवे मिळून ५ व्होल्टवर ४५ मिलिअँपिअर घेतात. रिले थेट १२ व्होल्टच्या बाजूवर आहे. जागा वाचावी म्हणून कारागीर ७८एल०५ हा ट्रान्झिस्टरएवढा आयसी बसवितो. त्यावर १०० मिलिअँपिअरची क्षमता लिहिलेली असते, म्हणून तो निश्चिंत असतो.

आता हिशेब पाहा. १५ मधून ५ वजा केले की १० व्होल्ट उरले. त्यांना ०.०४५ ने गुणले की ०.४५ वॅट होतात. ही सगळी वीज उष्णता बनते. या छोट्या वेष्टनाचे तापमान दर वॅटमागे सुमारे २०० अंशांनी वाढते, म्हणजे येथे ९० अंश. मे महिन्यात बंद डब्यात ४५ अंश धरले तर आतील चिप १३५ अंशांवर जाते. कामाची मर्यादा साधारणपणे १२५ अंश असते. आणखी तापला की आयसी स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होतो. पंप मध्येच थांबतो, गिऱ्हाईक तक्रार करते आणि कारागिराला बोर्डात दोष सापडत नाही, कारण दुकानातील टेबलावर तो नीट चालतो.

याच जागी मोठ्या वेष्टनातील ७८०५ बसविल्यास तापमान, हीटसिंक नसतानाही, सुमारे ३० अंशांनीच वाढेल. प्रवाह अर्ध्या अँपिअरपर्यंत जाणार असेल तर मात्र लहान स्विचिंग मॉड्यूल घ्यावे. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करताना ७८०५ साडेतीन वॅट जाळतो. चांगले मॉड्यूल अर्धा वॅटही वाया घालवीत नाही. फिरवायचा स्क्रू असलेले मॉड्यूल असेल तर आधी मीटरवर व्होल्टेज जुळवा, स्क्रूवर वार्निशचा थेंब टाका आणि मगच बोर्डाला जोडा.

वाय-फायचे ३.३ व्होल्टचे बोर्ड वेगळे. तेथे एएमएस १११७ सर्रास वापरतात. त्याला आउटपुटपेक्षा सुमारे १.१ ते १.३ व्होल्ट जास्त इनपुट लागते. म्हणून ५ व्होल्टवर तो ठीक चालतो, पण लिथियमच्या एका सेलवर, म्हणजे ३.७ व्होल्टवर, उपयोगाचा नाही. शिवाय तो स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो; २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल नुसता त्यावरच १७ दिवसांत संपेल. सेलवर चालणाऱ्या हलक्या मालाला एमसीपी १७०० बरा, कारण तो दोन मायक्रोअँपिअरांच्या आसपासच घेतो. पण त्याचे कमाल इनपुट ६ व्होल्ट आणि प्रवाह २५० मिलिअँपिअर आहे. वाय-फायचा झटका याहून मोठा असतो, म्हणून तेथे तो लावू नये.

पायांकडेही लक्ष द्या. ७८०५ चा पहिला पाय इनपुट, तर ७८एल०५ चा पहिला पाय आउटपुट असतो. ७८०५ च्या पाठीची पत्री जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेली असते. एएमएस १११७ ची पत्री मात्र आउटपुट असते. ती डब्याला टेकली तर शॉर्ट झालाच. कंपनीने तपशीलपत्रकात सांगितलेले कपॅसिटर आयसीच्या जवळच बसवा. ते वाचवू नका.

खरेदीसाठी बहुतेक जण दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड गाठतात. तेथे नुसता भाव विचारू नका. पक्के बिल मागा, आधी पाच नग आणा, बोर्डाला बंद डब्यात पूर्ण भार देऊन दोन तास चालवा, आणि मगच शंभर नगांची ऑर्डर द्या. जुन्या आयसीवर नवा शिक्का मारलेला माल बाजारात येतो. तो ओळखण्याचा हाच स्वस्त मार्ग आहे.

रेग्युलेटरमध्ये वाचणारे चार-दोन रुपये म्हणजे नफा नव्हे. एक बोर्ड परत आला तर रेल्वेचे भाडे, अर्धा दिवस आणि गिऱ्हाइकाचा विश्वास, तिन्ही जातात. वजाबाकी आणि गुणाकार कागदावर करायला मात्र एक मिनिट पुरते.