पंजाब मेल : नाशिकरोडहून सीमेपर्यंत

नाशिकरोड स्थानकावर पंजाब मेलची घोषणा रोज होते. पण या गाडीचे वय सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. १ जून १९१२ रोजी ती मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरून प्रथम निघाली. विलायतेहून बोटीने येणारी टपाल आणि गोरे अधिकारी यांना थेट पेशावरपर्यंत पोहोचविणे हे तिचे काम. प्रारंभी तिला ‘पंजाब लिमिटेड’ म्हणत. इटारसी, आग्रा, दिल्ली, अमृतसर, लाहोर असा २४९६ किलोमीटरांचा प्रवास ती ४७ तासांत करी. सुप्रसिद्ध फ्रंटियर मेल सुरू झाली १९२८ मध्ये, म्हणजे तिच्यानंतर सोळा वर्षांनी. सर्वसामान्यांसाठी तिसऱ्या वर्गाचे डबे मात्र १९३० नंतरच जोडले गेले.

या दीर्घ प्रवासातील सर्वांत रमणीय टप्पा आपल्याच जिल्ह्याच्या उंबरठ्यावर आहे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. सुमारे १६ किलोमीटरांत गाडी जवळजवळ ३०० मीटर उंची गाठते. चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र असल्याने कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. अडचणीच्या चढावर मागून आधार देणाऱ्यास हे नाव मिळावे, याचे आम्हा बँकेतील माणसांस मोठे कौतुक वाटते! बोगदे, एहेगावचा उंच पूल आणि पावसाळ्यातील धबधबे डोळे भरून पाहायचे असतील, तर सकाळी मुंबईकडे जाणारी पंचवटी एक्सप्रेस सोयीची. कारण पंजाब मेल घाट ओलांडते ती बहुधा अंधारात.

१९४७ च्या फाळणीने देशाबरोबर या गाडीचा मार्गही तोडला. पेशावर आणि लाहोर परदेशात गेले. आज ती सीमेलगतच्या फिरोजपूरपर्यंत, सुमारे १९३० किलोमीटर धावते. साडेपाचशेहून अधिक किलोमीटरांचा मार्ग गेला. नाव तेवढे राहिले.

सोनागिरीच्या यात्रेसाठी आपली अनेक कुटुंबे याच मार्गाने झाशी-ग्वाल्हेरकडे जातात. कधी सवड काढून शेवटच्या स्थानकापर्यंत जावे. फिरोजपूरपासून जवळच, सतलजच्या काठी हुसेनीवाला येथे भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील खेडचे राजगुरू यांची समाधी आहे. फाळणीत ती भूमी पाकिस्तानात गेली होती. १९६१ मध्ये बारा गावांच्या बदल्यात भारताने ती परत मिळविली. एके काळी येथूनच रूळ सतलज ओलांडून लाहोरकडे जात. आता ते सीमेपाशी थांबतात. आणि दरवर्षी २३ मार्चला फिरोजपूरहून एक विशेष गाडी हुतात्म्यांच्या दर्शनासाठी तेथवर येते.