जुन्या ट्रॅक्टरचे टॅपेट आणि रेस : घाट उतरण्यापूर्वीची तपासणी

पुण्याच्या गुलटेकडी येथील श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्डात दिवसाचे व्यवहार पहाटेच सुरू होतात. पुरंदर तालुक्यातील शेतकऱ्यास आपला वाटाणा, अंजीर किंवा सीताफळ तेथे वेळेवर पोचवावयाचे असेल, तर सासवडहून दिवे घाट उतरून हडपसरमार्गे सुमारे ३० किलोमीटरचे अंतर कापावे लागते. बराचसा माल टेम्पो व ट्रकने येतो. परंतु जो शेतकरी घरच्याच जुन्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून निघतो, त्याच्या दृष्टीने इंजिनातील दोन लहान जोडण्या फार महत्त्वाच्या ठरतात. पहिली झडपांच्या अंतराची, म्हणजे टॅपेटची. दुसरी रेसच्या दांड्याची.

भारतात ट्रॅक्टरनिर्मितीने जोर धरला तो १९६० नंतर. त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे ही कंपनी स्थापन झाली आणि तिने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनविण्यास प्रारंभ केला. १९६३ साली मुंबईत महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या सहकार्याने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. तिचा बी-२७५ हा चार सिलिंडरचा ट्रॅक्टर महाराष्ट्रात सुपरिचित झाला. अशा ट्रॅक्टरांची बांधणी साधी असल्याने योग्य निगा राखल्यास ते दीर्घकाळ काम देतात.

झडपांचे अंतर कशासाठी?

इंजिन तापले की झडपेची दांडी लांबते. म्हणून झडपेचे टोक व रॉकर यांमध्ये थोडी फट ठेवलेली असते. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या तीन सिलिंडरच्या पर्किन्स इंजिनात ही फट इंजिन थंड असताना ०.३० मिलिमीटर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘बारा थाऊ’ ठेवतात. अन्य ट्रॅक्टरसाठी त्याच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

फट वाढल्यास झडप उशिरा व कमी उघडते, खडखड ऐकू येते, हवा अपुरी पडते आणि ओझ्याखाली काळा धूर निघतो. फट नाहीशी झाल्यास हानी अधिक होते. तापलेली एक्झॉस्ट झडप आपली बरीचशी उष्णता बैठकीवर टेकल्यानंतरच सिलिंडर हेडला देत असते. ती पुरती टेकली नाही तर जळते. दाब कमी होतो व इंजिन सुरू होण्यास कुरकुर करते. येथे आवाज मात्र वाढत नाही. म्हणूनच ‘इंजिन शांत चालते’ एवढ्यावरून टॅपेट ठीक आहेत, असे मानणे चुकीचे ठरते.

तपासण्याची रीत

प्रथम हेडचे नट पुस्तिकेप्रमाणे आवळलेले असल्याची खात्री करावी, कारण ते नंतर आवळल्यास फट बदलते. स्टॉपचा दांडा ओढून ठेवावा व इंजिन हाताने सावकाश फिरवावे. चार सिलिंडरच्या, १-३-४-२ क्रमाच्या इंजिनात एक सोपा नियम आहे. चौथ्या सिलिंडरची एक्झॉस्ट झडप मिटत असताना इनलेट उघडू लागते, त्या क्षणी पहिल्याचे टॅपेट पाहावे. पहिल्यावरून चौथ्याचे, दुसऱ्यावरून तिसऱ्याचे व तिसऱ्यावरून दुसऱ्याचे. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी पाच येते. तीन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणून तपासणी करावी. फीलर गेजची पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा एकदा मोजणे आवश्यक होय.

रेसची जोडणी

टॅपेटचे काम पुरे झाल्यावरच रेसकडे वळावे, कारण झडपा सुधारल्या की संथ गतीही बदलते. अनेक डिझेल ट्रॅक्टरांत रेसचा दांडा गव्हर्नरच्या स्प्रिंगचा ताण बदलतो. ठरलेली गती राखण्यास किती डिझेल लागेल, हे गव्हर्नर ठरवितो. सांध्यांच्या पिना व बॉल झिजले, की पायाने पॅडल पूर्ण दाबूनही पंपाचा दांडा शेवटच्या टेकणापर्यंत पोचत नाही. ट्रॅक्टर ओढत नाही असे वाटून काही जण पंपावरील सील तोडून स्क्रू फिरवितात. त्यामुळे इंजिन मर्यादेपलीकडे पळण्याचा धोका निर्माण होतो. झिजलेले सांधे बदलून, दांड्याची लांबी आट्यांच्या टोकाने जुळविणे हाच योग्य उपाय होय.

परतीची चाल याहून महत्त्वाची आहे. पॅडल सोडताच पंपाचा दांडा संथ गतीच्या टेकणावर झटकन आला पाहिजे. दिवे घाटासारख्या उतारावर खालच्या गिअरमधील इंजिनच ट्रॉलीला बऱ्याच अंशी आवरून धरते. दांडा अडकला किंवा स्प्रिंग सैल झाली, तर गव्हर्नर वाढलेली गतीच राखू पाहतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. रस्त्यावर चालविताना हाताची रेस पूर्ण मागे असावी. उतारावर न्यूट्रल कदापि करू नये.

गावपातळीवर काय करता येईल?

या कामास फीलर गेज, पाने, स्क्रू ड्रायव्हर व ट्रॅक्टरची पुस्तिका एवढे साहित्य पुरते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविला जातो. तेथून शिकून आलेल्या गावातील तरुणाच्या साहाय्याने ग्रामपंचायतीने हंगामापूर्वी एक दिवस तपासणीसाठी ठेवावा. प्रत्येक ट्रॅक्टरची चाललेल्या तासांची संख्या, मोजलेली फट आणि बदललेले सांधे वहीत नोंदवावेत. पुढील तपासणीत एखाद्या झडपेची फट पुन्हा पुन्हा कमी होताना आढळली, तर ती बैठकीत खचत आहे हे वेळीच कळेल आणि भरल्या ट्रॉलीसह घाटात उतरण्यापूर्वीच तिची दुरुस्ती करता येईल.